पाळकाचाही कुणी वस्ताद असावा

'कोचिंग' हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडसमोर एक दुमजली इमारत. जिन्यावर चपलांचा ढीग. आत एक गृहस्थ टिपणे घडाघडा सांगत आहेत आणि साठ मुले माना खाली घालून ती उतरून घेत आहेत. मी स्वतः महाविद्यालयात शिकवतो, तेव्हा या टिपणांच्या पापातून मीही सुटलेलो नाही. पण आज मला ज्या कोचिंगविषयी तुमच्याशी बोलायचे आहे, ते याच्या अगदी उलटे आहे. त्यात शिकवणारा थोडे बोलतो आणि शिकणारा पुष्कळ. आणि हा शिकणारा कुणी शाळकरी पोर नाही बरं का. तो आहे ख्रिस्ती मंडळीचा पाळक. इतरांना चार गोष्टी ज्याने सांगाव्यात अशी साऱ्या गावाची अपेक्षा असते, तो माणूस.

(मंडळी म्हणजे एका ठिकाणच्या ख्रिस्ती लोकांचा उपासनेसाठी जमणारा समुदाय, आणि पाळक म्हणजे त्यांचा धर्मगुरू. ज्यांना हे शब्द परिचित नाहीत त्यांच्यासाठी एवढा खुलासा पुरे.)

शब्दाची हकीकत मोठी मजेदार आहे. हंगेरी देशात कोच नावाचे एक खेडे आहे. तिथले कारागीर एके काळी उत्तम घोडागाड्या बांधीत. त्या गाड्यांना गावाचे नाव पडले आणि ते युरोपभर पसरले. आपण आगगाडीच्या डब्याला कोच म्हणतो, तो याच गावचा. पुढे 1830 च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेच्या पैलतीरी नेऊन सोडणाऱ्या खाजगी शिक्षकाला थट्टेने 'कोच' म्हणायला सुरुवात केली. तिथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला. गाडीचे काम काय, तर आत बसलेल्या माणसाला त्याला जायचे आहे त्या गावी पोचवणे. कुठे जायचे ते गाडी ठरवीत नाही, उतारू ठरवतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे सारे सोपे जाईल.

आपल्याकडे याला जवळचा शब्द आहे वस्ताद. कोल्हापूरकडच्या तालमीत जो गेला असेल त्याला सांगायला नकोच. वस्ताद हौद्याच्या कडेला उभा असतो. त्याचे वय झालेले असते; आत उतरला तर आपल्याच पठ्ठ्याकडून तो पडेलही. मग त्याची गरज काय? गरज अशी की, ज्या पाठीला माती लागली म्हणजे कुस्ती गेली, ती पाठ पैलवानाला स्वतःला कधीच दिसत नाही. ती बाहेरून बघणाऱ्याला दिसते.

अर्थात वस्ताद सांगतोही पुष्कळ, आणि प्रसंगी पाठीत धपाटाही घालतो. अलीकडच्या कोचिंगने या सांगण्याला कात्री लावली. टिमोथी गॅलवे नावाच्या अमेरिकन टेनिस-शिक्षकाने 1974 साली एक पुस्तक लिहिले. त्याच्या ध्यानात असे आले की, 'मनगट असे धर, पाय तसा टाक' असा सूचनांचा मारा केला की खेळणारा आखडतो. म्हणून तो एवढेच सांगे, की चेंडू जमिनीला लागला की तसे मोठ्याने म्हणा, आणि फळीला लागला की तसे म्हणा. लक्ष चेंडूवर खिळले की हात आपोआप सुधारत. पुढे जॉन व्हिटमोर यांनी 1992 च्या आपल्या पुस्तकात हाच विचार कचेऱ्या-कारखान्यांतल्या माणसांसाठी मांडला, आणि तिथून तो चर्चपर्यंत आला.

म्हणजे चर्चला ही गोष्ट नवी का? मुळीच नाही. बायबलमध्ये निर्गम नावाचे पुस्तक आहे. त्याच्या अठराव्या अध्यायात एक सासरा आपल्या जावयाला भेटायला रानात येतो. जावई म्हणजे मोशे, मिसरातल्या गुलामीतून इस्राएल लोकांना बाहेर काढणारा पुढारी. सासऱ्याचे नाव इथ्रो. तो मिद्यानचा याजक, म्हणजे मोशेच्या लोकांपैकी नव्हेच, परका माणूस. येताना तो मोशेची बायको सिप्पोरा आणि तिची दोन मुले यांना बरोबर घेऊन येतो, कारण मोशेने त्यांना माहेरी धाडलेले असते. एवढ्या एका गोष्टीवरून त्या पुढाऱ्याच्या घराची स्थिती तुम्हांला समजेल.

आता इथ्रो काय करतो ते पाहा. पहिल्या दिवशी तो फक्त ऐकतो. मोशे मिसरातल्या, वाटेवरच्या साऱ्या हकिकती सांगतो, सासरा आनंद मानतो, दोघे जेवतात. दुसऱ्या दिवशी मोशे लोकांचे तंटे सोडवायला बसतो आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्याभोवती उभे असतात. इथ्रो हे दिवसभर बघतो, आणि मग विचारतो, की हे तू चालवले आहेस तरी काय, आणि एकटाच का बसतोस? मोशेचे उत्तर कुठल्याही पुढाऱ्याच्या तोंडी शोभावे असे आहे: लोक माझ्याकडेच येतात, मी काय करू! तेव्हा सासरा स्पष्ट सांगतो की, अशाने तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर भरवशाची माणसे नेम. लहान तंटे ती तोडतील, मोठे तेवढे तुझ्याकडे येऊ देत. मोशे ऐकतो. आणि इथ्रो? तो आपल्या देशी निघून जातो.

मला या गोष्टीतले हे निघून जाणे फार मोलाचे वाटते. इथ्रोला मोशेच्या जागेवर बसायचे नव्हते, त्याच्याकडून हिशेब घ्यायचा नव्हता, त्याची बदलीही करायची नव्हती.

गावाकडच्या पाळकाची दिनचर्या पुष्कळांना ठाऊक नसते. माझा एक शाळासोबती पाळक आहे. त्याचे नावगाव सांगत नाही. त्याच्याकडे एक मुख्य गाव आणि भोवतालची सहा, मिळून सात गावे. रविवारी सकाळी एका गावी उपासना, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. मधल्या वारी लग्ने, मयती, बारशी. दोघा भावांत बांधावरून वाद झाला तर पाळकसाहेब. पोरगा दारू पिऊन घरी आला तर पाळकसाहेब. चर्चच्या छपराचे पत्रे उडाले, वर्गणी जमेना, तरुणांना गिटार हवी आणि वडीलधाऱ्यांना पेटी-मृदंगच हवा, तरी पाळकसाहेबच. रात्री अडीचला कुणाच्या छातीत कळ आली की मोटारसायकलला लाथ मारून तालुक्याला धावायचे. पगार बेताचा आणि तोही कधी वेळेवर, कधी नाही. हे सारे करून रविवारी प्रसन्न मुखाने उभे राहायचे आणि लोकांना धीर द्यायचा. त्याला धीर कुणी द्यायचा? वरच्या कचेरीतून पत्र येते ते हिशेबाची वही पाठवा म्हणून.

एका जूनच्या संध्याकाळी तो माझ्या घरी आला. सदऱ्याच्या खिशात राजीनामा होता. "झालं रे माझं," एवढेच म्हणाला. मी काय करावे? मी तासभर त्याला उपदेश केला! सुट्टी घे, व्यायाम कर, नाही म्हणायला शिक, अमुक पुस्तक वाच. त्याने शांतपणे ऐकून घेतले, चहा प्याला आणि तो गेला. त्याची पाठ वळताच आमच्या घरातून आवाज आला, "तुम्ही त्यांना एक वाक्य तरी बोलू दिलंत का?" वीस वर्षे व्याख्याने देणाऱ्या माणसाला हा घरचा आहेर होता, आणि तो रास्त होता.

पण पाळकाला कुणापाशी मन मोकळे करता येऊ नये, हे होते कसे? माझ्या मते याचे एक कारण जुने आहे. 1910 साली स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली होती. तिथे तमिळ प्रांतातले एक पस्तीस वर्षांचे गृहस्थ बोलायला उभे राहिले: वेदनायकम सॅम्युएल अझरय्या. त्यांचा जन्म 1874 चा, तिरुनेलवेलीकडच्या एका खेड्यातला. वडील खेड्यातले पाळकच. परदेशी मिशनरी आणि त्यांच्या हाताखालचे देशी कार्यकर्ते यांच्यात मालक आणि नोकर असेच नाते उरते, स्नेह उरत नाही, असे त्यांनी भर सभेत सांगितले. तुम्ही पुष्कळ काही दिलेत, आता आम्हांला मित्र द्या, हे त्यांच्या मागणीचे सार होते. सभेतल्या कित्येकांना ते बोलणे झोंबले. पण त्यांनी नेमके दुखणे सांगितले होते. जो पगार देतो, अहवाल मागतो, बदली करतो, त्याच्यापुढे माणूस 'सारे ठीक आहे' असेच म्हणणार. पगारपत्रकाच्या पलीकडच्या बाजूला बसलेल्या माणसाला कोच होता येत नाही. हे दुखणे गोऱ्या मिशनऱ्यांबरोबर गेले असे मात्र कुणी समजू नये. खुर्ची तीच राहिली, माणूस तेवढा बदलला.

आपल्या नगरचे उदाहरण घ्या, म्हणजे आताचे अहिल्यानगर. अमेरिकन मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन 1854 साली तिथे येऊन गेले. मंडळ्यांनी आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण चालवावा आणि देशी पाळकांवर त्या सोपवून मिशनऱ्यांनी पुढे जावे, हे त्यांचे ठाम मत होते. विचार उत्तम, तो अंगवळणी पडायला मात्र पिढ्या गेल्या. त्याच नगरच्या मिशनमध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी वर्षानुवर्षे काम केले आणि अखेर 1917 साली पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा केला. इतक्या मोठ्या मनाच्या माणसालाही पगाराचे नाते अपुरे वाटले, हे विसरण्यासारखे नाही.

अझरय्यांच्या आयुष्यात असा मित्र होता, म्हणून त्यांची गोष्ट पुढे सांगतो. मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड आणि त्यांच्या पत्नी इझाबेल यांनी या तरुणातले पाणी ओळखले. हिंदी माणूस अँग्लिकन चर्चचा बिशप होणार, ही कल्पना तेव्हा पुष्कळ मिशनऱ्यांना मानवेना; खुद्द अझरय्यांच्या मुलखातल्या काही ख्रिस्ती लोकांनाही ती रुचली नाही. व्हाइटहेड हटले नाहीत. 29 डिसेंबर 1912 रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये अझरय्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. पहिले हिंदी अँग्लिकन बिशप ते. त्यांच्याकडे आलेला दोर्नकलचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आज तेलंगणात आहे. धाकट्याला मोठे करताना आपल्या अधिकारातला तुकडा मोडून देणारा वरिष्ठ विरळा. मघाशी मी म्हणालो की वरिष्ठाला कोच होता येत नाही. या एका माणसापुरते ते वाक्य मी मागे घेतो.

आणि शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट यापुढेच आहे. दोर्नकलच्या बाजूच्या मंडळ्या मुख्यतः माला आणि मादिगा या समाजांतल्या गोरगरिबांच्या. पाळक मोजके, गावे पुष्कळ. तेव्हा मंडळीचा भार गावोगावच्या शिक्षकांवर असे. दिवसा मुलांना अक्षरे शिकवायची, संध्याकाळी प्रार्थना चालवायची. या शिक्षकांना घडवणे, हे अझरय्यांनी आपले मुख्य काम मानले. बैलगाडीने, सायकलने ते खेडोपाडी हिंडत. त्याच समाजांतली माणसे तयार करून त्यांनी त्यांना पाळकपदाची दीक्षा दिली. 1945 च्या पहिल्या जानेवारीला ते दोर्नकललाच वारले.

बरे, या कोचिंगमध्ये प्रत्यक्ष घडते काय? फारसे काही नाही, असे बघणाऱ्याला वाटेल. दोन माणसे महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी, तासभर बसतात. मागच्या खेपेस तू काय करीन म्हणाला होतास, इथून सुरुवात होते. झाले असेल तर कसे झाले, राहिले असेल तर कशामुळे राहिले. मग आजची अडचण. कोच विचारतो, की यात तुला नेमके काय व्हायला हवे आहे? आजवर काय करून पाहिलेस? आणखी कुणाला हे करता येईल? आणि मग तो गप्प बसतो. हे गप्प बसणे फार कठीण, आम्हां मास्तरांना तर सर्वांत कठीण. वर्गात प्रश्न विचारून तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होणारे आपण! पण त्या शांततेतच पाळकाला स्वतःचे म्हणणे पहिल्यांदा ऐकू येते. उठताना एकच लहानशी गोष्ट ठरते, पुढच्या महिन्यापर्यंत करण्याजोगी.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी अध्यात्मसाधनेचे एक पुस्तक रचले. 1548 साली पोपने त्याला मान्यता दिली. साधना करवून घेणाऱ्याने इकडे किंवा तिकडे झुकू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्ये उभे राहावे, अशी सूचना त्यात आहे. व्यापारी लोक जाणतात, काटा स्वतः कुठल्याच पारड्यात बसत नाही.

याला मर्यादाही आहेत. पाळकाला झोप येत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्यावे. तिथे प्रश्न विचारीत बसू नये. आणि कोचपाशी बोललेले कोचपाशी राहते हे खरे, पण मंडळीच्या पैशात अफरातफर किंवा एखाद्या लेकराला इजा झाल्याचे कळले, तर ते पोटात ठेवणे हे कोचिंग नव्हे, तो गुन्ह्याला आसरा झाला. शहरांतून या कामाचे मोठमोठे दर घेणारे लोक आहेत. मला स्वतःला त्यांचे फार कौतुक नाही. खेड्यात हे काम एखादा निवृत्त हेडमास्तर, एखादी अनुभवी परिचारिका, शेजारच्या तालुक्यातला वडीलधारा पाळक उत्तम करील. अटी दोनच: त्याच्या हाती आपल्या पगाराची किल्ली नसावी, आणि त्याला आपली हकीकत गावभर सांगण्याची खोड नसावी.

माझ्या मित्रासाठी आम्ही असेच एक माणूस शोधले. पलीकडच्या तालुक्यात निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एक बाई. दुसऱ्याच मंडळीच्या सभासद. पहिल्या दिवशी त्यांनी याला दोन तास बोलू दिले. हा म्हणतो, "मी एवढं बोललो, की मलाच माझी लाज वाटली." दुसऱ्या खेपेस त्यांनी विचारले, "तुम्ही गेला नाहीत तर उपासना होणारच नाही, अशी तुमची गावं किती?"

"सातही," हा म्हणाला.

बाई काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसत राहिल्या. येताना मोटारसायकलवर याने मनाशी मोजणी केली. एका गावी निवृत्त तलाठी, याच्याहून चांगले वाचणारे. दुसऱ्या गावी अंगणवाडीताई, बायकांच्या प्रार्थनेला तिच्यावाचून पान हलत नाही. तिसऱ्या गावी तर आधीच्या पाळकाच्या वेळी गावकरीच उपासना चालवीत, याने येऊन प्रेमाने ती स्वतःकडे घेतली होती! महिना संपता संपता त्या तीन गावांत महिन्यातले दोन रविवार तिथलीच माणसे उपासना घेऊ लागली. पहिल्या रविवारी तलाठ्यांनी धडा वाचला तो चुकीचा, आणि लोक हसले. आपल्या पाळकाला मनातून जरा बरे वाटले, हे त्याने बाईंना सांगितले. "का बरं वाटलं?" असे बाईंनी विचारले. त्याचे उत्तर द्यायला त्याला दोन महिने लागले.

इथे मला बर्णबाची आठवण होते. ज्याचा कुणी विश्वास धरीना त्या शौलाला तोच तार्सहून शोधून अंत्युखियाला घेऊन आला, आणि वर्षभर दोघांनी मिळून काम केले. 'प्रेषितांची कृत्ये' वाचताना आरंभी नावे येतात ती 'बर्णबा व शौल' अशी. पुढे केव्हा ती 'पौल व बर्णबा' झाली, ते बर्णबाच्या ध्यानीही आले नसावे. पुढे अर्ध्या वाटेवरून परतलेल्या योहान मार्काला पुन्हा बरोबर न्यावे की नाही, यावर दोघांचा कडाक्याचा वाद होऊन वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबाने मार्काला घेतले आणि तो कुप्र बेटाकडे निघून गेला. पुष्कळ वर्षांनी पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. माझ्या मित्राला तलाठ्यांचे हसे झाल्याचे बरे का वाटले, याचे उत्तर या दोन नावांच्या क्रमातच कुठेतरी आहे.

गेल्या नाताळात तो सहकुटुंब आमच्याकडे आला होता. फराळ झाला, मुले अंगणात गेली. मी हळूच विचारले, "अरे, त्या राजीनाम्याचं काय केलंस?"

"आहे की. हिशेबाच्या वहीत ठेवलाय."

"बाईंना ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी दाखवला होता. तारीख घातली आहे का, एवढंच त्यांनी विचारलं." तो हसला. "नव्हती घातलेली."

मग घड्याळाकडे पाहून तो उठला. दुसऱ्या दिवशी महिन्याचा ठरलेला मंगळवार होता, आणि मागच्या खेपेचा एक प्रश्न अजून त्याच्याकडे तसाच पडून होता.